सात जणांची मापं

शिकवणीचा तो पाचवा दिवस होता आणि घरातल्या सगळ्यांना आपण आता निम्मे परदेशी झालोच असं वाटायला लागलं होतं. धाकट्याला तर चेवच चढला होता. सकाळी बायकोनं चहाचा कप हातात दिला तेव्हा तो तिला म्हणाला, "थँक्यू म्हणणार नाही हं मी. तीन दिवस व्हायचेत अजून."

नर्सबाईंनी पहिल्याच दिवशी शिकवलेली गोष्ट होती ती. त्या देशात पाहुण्यानं पहिले तीन दिवस कुणाचे आभार मानायचे नाहीत. मानले की यजमानांना वाटतं, हा निघायच्या तयारीत आहे. बाई तिथल्या इस्पितळात अकरा वर्षं नोकरी करून आलेल्या, त्यामुळे त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. नवरीच्या आजोबांनी, अण्णांनीच, त्यांना शोधून काढलं होतं. "पोरगी परक्या देशात संसार करणार," ते म्हणाले होते, "आणि आपण पाच जण तिथं लग्नाला जाऊन उभे राहणार. आपल्या अडाणीपणाची शिक्षा तिला जन्मभर नको."

शिकवणी भरायची ती घरच्या शिंपीकामाच्या दुकानावरच्या बेतायच्या खोलीत. मधोमध लांबलचक टेबल, त्यावर खडूच्या रेघा आणि कापडाचे तुकडे, भिंतीला लावून तीन शिलाई मशिनं. टेबलाच्या एका टोकाला बाई, दुसऱ्या टोकाला अण्णा. चोवीस तास बटणं लावलेलं जाकीट आणि गळ्यात टेप, असा त्यांचा थाट. मधे त्यांची सून थोरली, म्हणजे नवरीची आई, जी नवरा गेल्यापासून दुकानातलं हातशिलाईचं काम सांभाळत होती; तिचा दीर धाकटा आणि जाऊ धाकटी; आणि खिडकीपाशी नवरी स्वतः. बारकी. सव्वीस वर्षांची झाली तरी बारकीच.

त्या दुपारी बाईंनी वही मिटली आणि कोपऱ्यातल्या फळीवर रचलेल्या कापडांकडे बघून सहज विचारलं, "एवढं भारी कापड कुणासाठी?"

अण्णांची कळी खुलली. ते याच प्रश्नाची वाट बघत होते.

"व्याह्यांसाठी. सात जणांना सात पोशाख. नवऱ्या मुलाच्या आजीपासून धाकट्या भाचीपर्यंत. तयार कपडे कुणीही देईल हो. आपण शिवून नेणार. मापं आली की चार दिवसांत उडवतो."

"मापं आली की?" बाई म्हणाल्या.

"मागवलीत ना! महिना होत आला पत्र जाऊन. फॉर्मच छापून पाठवला सात जणांचा. छाती, खांदा, बाही, उंची. त्यांनी फक्त आकडे भरायचे."

नर्सबाईंनी वही उघडली, पुन्हा मिटली आणि टेबलावरून बाजूला सारली. थोरलीनं पाहिलं, बाईंच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. इस्पितळात काम केलेल्या बाईचा चेहरा असा उतरतो तेव्हा काय समजायचं ते थोरलीला नवऱ्याच्या आजारपणापासून ठाऊक होतं.

"बाई, काय झालं?"

"पत्र पोचलं का? नक्की?"

"पोचलं. पोचपावतीवर सही आली त्यांची."

"अरे देवा," नर्सबाई म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. सांगताना त्या कुणाकडेच बघत नव्हत्या.

त्या देशात जिवंत माणसाच्या अंगाला टेप लावत नाहीत. नवा कपडा हवा असेल तर जुना कपडा शिंप्याकडे द्यायचा, तो त्यावरून बेततो. माणसाचं माप आयुष्यात एकदाच घेतलं जातं. माणूस गेल्यावर, शेवटचा कपडा शिवायला. ते काम घरातल्यांचंच. बाहेरचा माणूस माप मागायला आला तर त्याचा अर्थ एकच होतो.

"मी नवीन होते तेव्हाची गोष्ट," बाई म्हणाल्या. "एका म्हाताऱ्याच्या पोटात पाणी होत होतं. रोज घेर मोजायचा असतो, म्हणून मी टेप काढली. त्याच्या मुलीनं माझे पाय धरले. 'इतक्यात नको' म्हणाली. 'सकाळी जेवलेत ते. इतक्यात नको.' तिकडच्या नर्सेस टेप वापरत नाहीत, दोरा बांधून अंदाज घेतात, तोही चादरीखालून. मला कुणी सांगितलंच नव्हतं."

खाली रस्त्यावर एक ट्रक मागे येत होता, त्याचा टूंक टूंक आवाज तेवढा वर येत होता.

धाकट्याला आधी हसू फुटलं. घाबरला की तो हसायचा, लहानपणापासूनची खोड. "म्हणजे आपण त्यांना..."

"सात जणांना," थोरली म्हणाली. "भाऊजी, हसताय काय? त्यात ती चार वर्षांची पोर आहे!"

आता सगळ्यांना एकाच वेळी ते पत्र आठवलं. कच्चा खर्डा टेबलाच्या खणात होता. धाकटीनं तो काढला. अक्षर तिचंच होतं, सुरेख, वळणदार. शाळेत बक्षीस मिळालेलं अक्षर.

"वाचू नकोस," अण्णा म्हणाले.

"वाचू दे," थोरली म्हणाली. गेल्या तीस वर्षांत सासऱ्यांच्या शब्दापुढे तिनं शब्द टाकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

धाकटी वाचायला लागली. पहिल्या दोन ओळी क्षेमकुशलाच्या होत्या. तिसरी ओळ अशी होती.

"'आपणा सर्वांची मापं लवकरात लवकर पाठवावीत, म्हणजे वेळ येईल तेव्हा धावपळ व्हायची नाही. आजीबाईंचं माप सर्वांत आधी पाठवावं.'"

"हे कुणी घातलं?" थोरलीनं विचारलं.

"मी," धाकटा म्हणाला. आता त्याला हसू येत नव्हतं. "वडीलधाऱ्यांचा मान म्हणून घातलं, वहिनी."

"'लहानग्या भाचीचंही विसरू नये. आमच्याकडे लहानमोठा भेद नाही.'"

"हे माझं," थोरली म्हणाली आणि तिनं डोक्याला हात लावला.

"'कापड उत्तम आहे, एकदा अंगावर चढलं की बदलावं लागणार नाही. आमच्या तीन पिढ्या या कामात गेल्या. माप दिलेला एकही माणूस आजवर आमच्या हातून सुटलेला नाही.'"

नर्सबाईंनी डोळे मिटून घेतले.

"सुटलेला नाही म्हणजे काय!" धाकटा बायकोवर ओरडला. "मी 'नाराज होऊन गेलेला नाही' असं सांगितलं होतं!"

"ओळ मावत नव्हती! आणि मला काय माहीत? तुम्ही सांगत होता, मी लिहीत होते. तिकडच्या भाषेत बारकीनं केलं, टपालात वहिनींनी टाकलं. माझ्या एकटीच्या नावानं शंख कशाला करता?"

खरं तर कुणाच्याच एकट्याच्या नावानं शंख करायची सोय नव्हती. या घरात कुठलंही काम पाच हातांतून गेल्याशिवाय पुरं होत नसे. एक बेतणार, एक शिवणार, एक काज करणार, एक अस्तर लावणार, एक इस्त्री मारणार. त्याचा सगळ्यांना केवढा अभिमान. पत्रही त्यांनी तसंच केलं होतं. पाचही हात सारखेच बरबटले होते.

तरीही भांडण झालंच. धाकटा म्हणाला, पोशाखांची कल्पना मुळात अण्णांची. थोरली म्हणाली, कल्पना चांगलीच होती, घोळ मजकुरात झाला. धाकटी म्हणाली, मी पहिल्यापासून सांगत होते की आधी तिकडची माहिती असलेल्या कुणाला तरी विचारा आणि मग पत्र टाका, पण या घरात धाकट्या सुनेचं ऐकतो कोण? हे मात्र खरं होतं. थोरलीनं जावेकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच तिची बाजू घेतली. "ही म्हणाली होती. मीच म्हटलं, घाई आहे." आणि मग तिच्या मनात आलं की घाई तिला नव्हतीच. घाई अण्णांना होती. रोज सकाळी विचारायचे, पत्र गेलं का, पत्र गेलं का. पण तो विचार तिथंच राहिला, कारण खिडकीपाशी बारकी रडायला लागली होती.

बारकीला रडताना घरात फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं. तिचा स्वभाव काजांसारखा; बारीक, घट्ट, उसवणार नाही असा. तो परका इंजिनिअर, आताचा नवरा मुलगा, पुलाच्या कामावर इथं आला, फाटलेल्या अस्तराचा कोट घेऊन दुकानात शिरला आणि अस्तर नीट झाल्यावरही आठ वेळा काही ना काही उसवून आणत राहिला, तेव्हाही ती हसली होती ती फक्त तोंडाला पदर लावून.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणजे हे माहीत नव्हतं. पण तिकडे काहीतरी झालंय हे माहीत आहे. आठ दिवसांपूर्वी त्याचा फोन आला होता. आजीनं अंथरूण धरलंय. जेवत नाही. त्याची आई त्या छोटीला एक क्षण नजरेआड होऊ देत नाही. तो म्हणाला, तुझ्या घरच्यांनी असं का केलं ते विचारू नकोस असं बाबा म्हणतात, पण मला सांग, का केलं? मला वाटलं, पोशाख देतोय म्हणून त्यांना कमीपणा वाटला. म्हटलं, प्रेमानं केलं. त्यानं फोन ठेवला. त्यानंतर फोन नाही."

"आठ दिवस!" थोरली म्हणाली. "आणि तू आम्हाला सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? अण्णा रोज फळीवरचं कापड पुसून ठेवत होते."

धाकटा एकदम खुर्चीत बसला. त्याला कोटाची पहिली भेट आठवली होती. "त्यानं माप घेऊ दिलं नव्हतं," तो म्हणाला. "अण्णा टेप घेऊन पुढे झाले तर हा भिंतीला जाऊन चिकटला. आठवतं का? गुदगुल्या होतात म्हणून आपण किती हसलो. नंतर दोन महिने त्याची नक्कल करत होतो मी. पांढराफटक पडला होता तो पोरगा. आपण हसत होतो."

लग्न मोडलं, असं कुणी मोठ्यानं म्हटलं नाही, पण प्रत्येकाच्या मनात तेच होतं. पाच तिकिटं कपाटात होती, चौदा दिवसांवर प्रवास होता आणि जिथं जायचं तिथली माणसं यांना यमाचे दूत समजून बसली होती.

अण्णांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लाजही नव्हती. त्यांनी गळ्यातली टेप काढली, गुंडाळली आणि टेबलावर ठेवली.

"बाई," ते म्हणाले, "यातून वाट आहे का काही? असेलच. माणसं चुकतात म्हटल्यावर वाट ठेवलेली असतेच."

"आहे," नर्सबाई म्हणाल्या. "पण सांगायला मला बरं वाटत नाही. पत्रावर सही कुणाची?"

"माझी."

"मग ज्यानं माप मागितलं त्यानं स्वतःचं पाठवायचं. म्हणजे असं की, तुमच्या मरणावर मी टपलेलो नाही, मलाही जायचंय, हे घ्या, माझं तुमच्या हातात दिलं. माप हातात आलं की तिथली माणसं सगळं विसरतात. मी पाहिलंय. दोन घरांचं सात वर्षांचं वैर एका कागदावर मिटलेलं पाहिलंय."

धाकटीनं सुटकेचा श्वास टाकला. "एवढंच ना? मी तर घाबरलेच होते. कुरिअरवाला पाचपर्यंत घेतो. आत्ता चार वाजलेत."

"आणि बारकी त्याला फोन करून सांगेल की येतंय म्हणून," धाकटा म्हणाला. त्याच्या अंगात पुन्हा वारं शिरलं. शिंप्याच्या घरात माप द्यायचं, ही काय शिक्षा झाली? त्यानं कागद ओढला. "सांगा अण्णा."

"लिही," अण्णा म्हणाले. "छाती अडतीस. खांदा साडेसतरा. बाही..."

"असं नाही चालत," नर्सबाई म्हणाल्या. "तोंडी नाही. दुसऱ्या हातानं घेतलेलं लागतं. कुणी घेतलं त्याचं नाव खाली लिहायचं आणि घरातल्या सगळ्यांनी पाहिलं पाहिजे. ते लोक विचारतात."

अण्णा थांबले. अगदी थोडा वेळ थांबले, पण धाकट्याला ते जाणवलं. उभं आयुष्य तो बापाच्या हाताखाली उभा होता. कापडावर कात्री टेकवल्यावर अण्णा कधी थांबत नसत.

"मी घेतो," धाकटा उठला.

"तू नको. बारकी घेईल."

"ती काजं करते, अण्णा. मापं मी घेतो."

"तू नको म्हटलं ना."

बारकीनं डोळे पुसले, टेबलावरची टेप उचलली आणि आजोबांसमोर उभी राहिली. ते टाचा जुळवून, हात किंचित बाजूला करून उभे होते. गिऱ्हाइकाला उभं राहायला सांगावं तसे. तिनं टेप त्यांच्या पाठीमागून घेतली आणि थांबली. दुकानातला पहिला धडा तिला त्यांनीच दिला होता.

"जाकिटावरून माप घेत नाहीत, अण्णा. काढा."

"राहू दे. दोन इंच वजा कर."

"तुम्ही कुणाला देता का दोन इंच वजा करून?"

अण्णा हसले. मग त्यांनी एकेक बटण सोडलं. वरपासून खालपर्यंत, सावकाश. बारकीनं खांद्यावरून जाकीट उतरवून घेतलं आणि ते तिच्या हाताला लागलं तसं तिला कळेना, एवढं जड कसं? तिनं ते टेबलावर ठेवलं. जाकीट पसरलं नाही. ते तसंच उभं राहिलं, छाती काढून.

धाकट्यानं हात पुढे करून अस्तर उलटलं. आत कॅनव्हासचे तीन थर होते. त्याखाली कापसाचे पातळ गादीसारखे पट्टे, खांद्यापासून पोटापर्यंत, बारीक धावदोऱ्यानं टिपलेले. असा धावदोरा घरात एकच माणूस घालायचा. काही पट्टे जुने होते, पिवळट पडलेले. काही अगदी नवे होते.

समोर अण्णा सदऱ्यात उभे होते. सदराही बगलेतून आत घेतलेला, एकदा नाही, तीनदा. शिलाईच्या जुन्या रेघा शेजारी शेजारी दिसत होत्या.

रोज दोन वेळा या माणसाला थोरली वाढत होती.

"घे," अण्णा नातीला म्हणाले.

बारकीनं टेप गुंडाळली. हाताखाली फासळ्या लागल्या. ती आकडा वाचत होती आणि तिचा डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता.

"एकतीस," ती म्हणाली.

"नीट बघ!" धाकटा ओरडला. "टेप पिळली असेल. अडतीस आहे अण्णांची छाती. चाळीस वर्षं अडतीस आहे."

"एकतीसच आहे," अण्णा म्हणाले. "गेल्या महिन्यात बत्तीस होती."

नर्सबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. त्या अण्णांच्या डोळ्यांकडे, गळ्याकडे, सदऱ्यातून दिसणाऱ्या पोटाकडे बघत होत्या. पाच दिवस समोर बसलेला माणूस त्यांना आत्ता दिसत होता. "कुठं आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"पोटात. गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, कापून उपयोग नाही. वर्ष धरू नका म्हणाले."

"कधी म्हणाले?" थोरली पुढे आली. "अण्णा, कधी म्हणाले?"

"झाले सात महिने."

"तुम्ही जेवत होतात की! माझ्यासमोर बसून जेवत होतात!"

"तुझ्यासमोर जेवत होतो," अण्णा म्हणाले.

थोरलीनं तोंडात पदराचा बोळा कोंबला. धाकटी तिच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि तिनं जावेचा हात धरला. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच होत होतं आणि दोघींच्याही ते लक्षात आलं नाही. धाकटा जाकिटाच्या अस्तरावरून बोट फिरवत होता. शेजारच्या मशिनवर रोज दहा तास तो बसत होता. लोकांच्या अंगावरचा अर्ध्या इंचाचा फरक त्याला रस्त्याच्या पलीकडून दिसायचा, त्याची त्याला घमेंड होती. आणि त्याच्या बापाचे सात इंच गेले.

"म्हणून मला माप घेऊ देत नव्हतात," तो म्हणाला.

"तुझ्या हाताला लगेच कळलं असतं."

"मी जाणार नाही," बारकी म्हणाली. टेप अजून तिच्या हातात होती. "मी कुठंही जाणार नाही. लग्न नको मला. तिकिटं परत करा."

"वेडी आहेस का?" अण्णांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "कशाची घाई होती मला, सांग? 'लवकरात लवकर' कुणी घातलं त्या पत्रात? तुझ्या काकाला वाटतं त्यानं घातलं, पण मी सांगितलं म्हणून घातलं. मला ते सात पोशाख माझ्या हातांनी पुरे करायचे होते. लग्नानंतर तुझ्या घरी मी येणार नव्हतो कधी, माझी शिलाई तरी जाणार होती. ते आता होत नाही. राहू दे. पण त्या म्हातारीनं माझ्यामुळे अंथरूण धरलंय. तिला कळू दे, मागणारा कोण होता ते. हा कागद आज गेला पाहिजे आणि खरा गेला पाहिजे. लिही एकतीस."

बारकीनं आईकडे पाहिलं. थोरलीनं डोळे पुसले, खर्ड्याच्या मागची कोरी बाजू वर केली आणि पेन्सिल धाकटीच्या हातात दिली.

"तुझं अक्षर चांगलं आहे," ती म्हणाली. "तू लिही."

धाकटीनं लिहिलं. छाती एकतीस. खांदा सोळा. बारकी आकडे सांगत होती, धाकटा आणि नर्सबाई उभे राहून बघत होते आणि कुणीच रडत नव्हतं, कारण बाईंनी सांगितलं होतं, घरातल्या सगळ्यांनी पाहिलं पाहिजे. बाहीचा आकडा झाला तशी बारकीचे हात खाली आले. तिला वाटलं, झालं.

"कंबर राहिली," अण्णा म्हणाले आणि त्यांनी हात पुन्हा वर केले.